तिवईवरचं घंगाळ

आमच्या घरात वीज पाहुण्यासारखी राहायची. ओसरीवर तिचा थाट, माजघरात तिचा मान, आणि स्वयंपाकघरात मात्र तिनं अंग चोरून राहायचं. घर नवं बांधलेलं. वास्तुशांत होण्याआधीच पुण्याहून आलेल्या कुणा कारागिरानं भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांतून तारा फिरवल्या होत्या, म्हणून चुलीच्या खोलीतही एक दिवा लागला. मग वास्तुशांत झाली, चूल मांडली, आणि त्या दिवसापासून आंघोळ करून सोवळं नेसल्याखेरीज त्या उंबऱ्याच्या आत कुणाला पाऊल टाकता येईना. एकदा तो दिवा गेला, तर तो बदलायला आत जायचं कुणी यावर चार दिवस खल झाला आणि तोवर चिमणीच्या उजेडात स्वयंपाक झाला. परवा, इतक्या वर्षांनी, नातसुनेनं ओट्यापाशी मिक्सरसाठी नवं बटण बसवून घेतलं. इलेक्ट्रिशियननं खिशातून पेनाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला, तारेला टेकवला, त्याच्या मुठीत तांबडा ठिपका उजळला. "ही फेज, आजी, करंटची तार," म्हणाला आणि कामाला लागला. पापणी लवायच्या आत झालं सगळं. मी उठून आतल्या खोलीत जाऊन बसले. नातसून चहा घेऊन आली तर म्हटलं, ठेव तिथं, मला एकटीला बसू दे.

त्या उंबऱ्याच्या आतलं राज्य वेणूकाकूचं होतं. राज्य म्हणायचं आपलं. वेणूकाकू म्हणजे अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, चुलतभावाची बायको. नवरा गेल्यावर सासरी नातेपुत्याला कुणी ठेवून घेईना, म्हणून अण्णांनी तिला सोलापूरला आणलं, आणि आणलं हे ते दर चार दिवसांनी कुणाला ना कुणाला तिच्या देखत सांगत. लाल लुगडं, केस काढलेलं डोकं पदराखाली झाकलेलं, हाडाची बारीक. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत तिची आंघोळ झालेली असे, आणि दुसऱ्या भोंग्याला आमटीला उकळी. तिच्या हातची ज्वारीची भाकरी इतकी पातळ, की पापुद्रा उचलला तर खालच्या ताटाची नक्षी दिसावी. शेंगदाण्याची चटणी ती उखळात कुटायची. तेल सुटून तिचा गोळा व्हायला लागला की तो वास ओसरीवर बसलेल्या पक्षकारांपर्यंत जायचा आणि ते कोर्टाचं बोलता बोलता मधेच गप्प व्हायचे. कुणी वाखाणलं की ती उजवा पंजा पुढे करून बघायची आणि म्हणायची, "ह्यो चालतोय तवर हितं जागा हाय." मी आणि माझा धाकटा भाऊ तिच्या ह्या हितं-तितंची नक्कल करून हसायचो. आई दटावायची, पण तोंडाला पदर लावून.

आमचा आणखीही एक खेळ होता. तो सांगायची आज लाज वाटते, पण न सांगितला तर पुढचं कळायचं नाही. वेणूकाकू सोवळ्यात असली की शाळेच्या कपड्यांनी मागून जायचं आणि तिच्या पाठीला एक बोट लावायचं. बस, एवढंच. एका बोटानं तिचं सोवळं मोडायचं. मग तिनं हातातलं टाकून परसात जायचं, आडाचं पाणी ओढायचं, पुन्हा आंघोळ करायची. थंडीच्या दिवसांत तिचे दात वाजायला लागले की आम्हाला फार मजा वाटे. ती कधी तक्रार घेऊन अण्णांकडे गेली नाही. आश्रिताची तक्रार कुठवर जाते हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.

अण्णा वकील. कुणा मुंबईच्या पक्षकारानं त्यांना विजेची किटली भेट दिली. तांब्याची, आतून कल्हई केलेली, काळ्या लाकडी मुठीची. पंधरा दिवस ती ओसरीवर कायद्याच्या पुस्तकांशेजारी नुसती मांडून ठेवली होती. मग बातमी आली की नवे सबजज्जसाहेब रविवारी सकाळी घरी येणार. साहेब कडक सोवळ्याचे. परक्या घरचा चहा घेतलाच तर तो सोवळ्यातला. अण्णांना एकदम सुचलं. चहा सोवळ्यातला, आणि तोही विजेवरचा! असा चहा सोलापुरात दुसऱ्या कुणाच्या घरी मिळतो? आता ही किटली ओसरीवर लावली तर सोवळं कुठून येणार? म्हणजे प्लग हवा तो चुलीच्या खोलीतच. शनिवारी दुपारी अण्णांनी नरसय्याला बोलावून घेतलं.

नरसय्या गिरणीच्या वीजखात्यात होता. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, चाळिशीचा गंभीर माणूस. बोलताना तो नेहमी आपल्या हातांकडे बघायचा. माजघरात यायची त्याला मुभा होती, पुढे नाही. उंबऱ्याशी उकिडवा बसून त्यानं आत डोकावून पाहिलं. तारांची पट्टी होती ती नेमकी दाराच्याच भिंतीला आतून, त्यामुळे त्याला चूल दिसे, वेणूकाकू दिसे, फक्त आपलं काम तेवढं दिसत नव्हतं. "सायेब, आत गेल्याबिगर कसं जमायचं?" त्यानं विचारलं. अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, "तू सांगायचं, आमची कुसुम करील. इंग्रजी शाळेत जाते ती." तेरा वर्षांची होते मी. मला न्हायला घातलं, आईचा रेशमी मुकटा गुंडाळला आणि आत सोडलं. नरसय्याची पक्कड आणि पेचकस वेणूकाकूनं पाणी शिंपडून आत घेतले.

मी डब्यावर पाट ठेवून त्यावर उभी राहिले आणि लाकडी पट्टी उघडली. बाहेरून आवाज आला, "ताई, तारा किती हायती? रंग सांगा." मी म्हटलं, दोन, आणि दोन्ही काळ्या. "धुरानं झाल्या असतील. पुसून बगा." पुसल्या, तर दोन्ही तांबड्या. नरसय्या उंबऱ्याशी आणखी पुढे सरकला. मग एकेक शब्द सुटा करून बोलला. "आता नीट ऐका. ह्यातली येक तार जिती, येक मेली. दिसायला जुळ्या भयनी. जितीला हात लागला तर मानूस जातो, मेलीला लागला तर काय होत न्हाय. किटलीला तीन तारा जोडायच्या. तिसरी तार तिच्या तांब्याच्या अंगाची. ती मेलीलाच लावायची. चुकून जितीला लावली तर सगळी किटलीच जिती होती. समजलं का, ताई?" मी म्हटलं, समजलं. आणि खरंच समजलं होतं. अजून त्याचा शब्दन् शब्द मला पाठ आहे.

मेन बंद करून त्यानं माझ्याकडून दोन्ही तारा बोटभर सोलून घेतल्या आणि ओसरीवर जाऊन मेन पुन्हा चालू केला. मग एक साधा दिवा आत सरकवला; त्याच्या होल्डरातून तारांची दोन शेपटं निघालेली. एक शेपूट ह्या तारेला, एक त्या तारेला लावून बघा म्हणाला. दिवा झक्कन लागला. मी हरखून गेले. आता खरी परीक्षा. एक शेपूट जमिनीत गेलेल्या नळाला लावायचं आणि दुसरं आळीपाळीनं दोन्ही तारांना. जिच्यावर दिवा लागेल ती जिती. नळ परसात होता. नरसय्यानं तिथून लांब तार आणली आणि ती उंबऱ्याशी पोचली, तोच वेणूकाकू परातीवरून ताडकन उठली. "ती तार आत न्हाय यायची! नळात चामड्याची चकती असती. चामड्याला लागलेलं माझ्या चुलीपाशी न्हाय चालायचं." तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. सबंध घरात तिचा शब्द चालायचा तो एवढ्या एका गोष्टीत, आणि त्या दिवशी अण्णांनाही तो सोईचा होता. साहेबांनी नळाचं विचारलं तर? "वहिनी बरोबर बोलतात," ते म्हणाले. नरसय्यानं कपाळावर हात मारला. "मग पान्याचा रांजण हाय का आत, जमिनीत पुरलेला? त्यात सोडा शेपूट." रांजण होता, पुरलेलाही होता. पण पिण्याच्या पाण्यात परक्याची तार? वेणूकाकूनं तिवईवरचं तांब्याचं घंगाळ माझ्याकडे सरकवलं, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि खुणेनं म्हणाली, ह्यात सोड. मी सोडलं. "पाण्यात सोडलं का?" बाहेरून विचारणा झाली. "सोडलं," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

डाव्या तारेला दुसरं शेपूट लावलं. काही नाही. उजवीला लावलं. काही नाही. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. दिवा मेल्यासारखा. आज शाळेतलं कुठलंही पोर सांगेल, की लाकडी तिवईवरच्या घंगाळातून वीज जमिनीत कशी उतरणार? मला तेव्हा वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या. "काय गं कुसुम? एवढी फी भरतो, आणि दिवा लागला की नाही एवढंही सांगता येत नाही?" अण्णा कधी हात उगारत नसत. त्यांचा मार जिभेचा, आणि तो पंगतीत, पाहुण्यांसमोर बसायचा. हा प्रसंग ते उद्या साहेबांना रंगवून सांगतील, आणि पोरीला शाळेतून काढावं म्हणतो, असं शेवटी हसत हसत म्हणतील, हे मला दिसायला लागलं. वेणूकाकूनं भाकरी थापता थापता एकदा मान वळवून दिव्याकडे पाहिलं आणि पुन्हा परातीत पाहिलं. मी म्हटलं, "लागला! डाव्या तारेवर लागला." "आनि उजवीवर?" "उजवीवर नाही लागत."

नरसय्याला काहीतरी खटकलं असावं. तो उठून उभा राहिला. "सायेब, येक मिन्ट मला आत येऊ द्या की. कशाला हात लावत न्हाय. नुसतं बगून येतो." अण्णा म्हणाले, "नरसय्या, तू आत आलास की चुलीपासून सगळं धुऊन काढायला लागेल. काही नको. माझी पोरगी हुशार आहे, ती सांगते ते खरं." त्या माणसानं मला उभ्या जन्मात दिलेली ही एकमेव शाबासकी. मी मेन बंद झाल्यावर, नरसय्या सांगत गेला तशी, मन लावून एकेक स्क्रू पिळला. डावी जिती, उजवी मेली. किटलीच्या अंगाची तार उजवीला. मग मेन चालू केला, पाटावर उभं राहून प्लग खोचला, लाकडी मूठ धरून किटली जागेवर ठेवली, आणि थोड्या वेळानं पाण्याला अशी सुरेख उकळी फुटली की अण्णा झोपाळ्यावरून उठून दारापर्यंत आले. मी कोरड्या लाकडावर उभी होते आणि तांब्याला बोट लागलं नव्हतं, म्हणून वाचले. खरी जिती उजवीच होती, हे कळलं ते दुसऱ्या दिवशी.

रविवारी सकाळी मला पुन्हा मुकटा नेसून किटली लावायची होती. वेणूकाकू म्हणाली, "आता तू व्हय बाजूला. साहेबाचा चहा हाय, पोरखेळ न्हाय." मला राग आला. माझी किटली, माझा प्लग, आणि ही हितं-तितं करणारी मला बाजूला हो म्हणते? ती वळली तशी मी ओवळ्या झग्यातच उंबऱ्यावरून हात लांब करून तिच्या पाठीला बोट लावलं. तिनं हातातलं टाकलं. बाहेर टांग्याच्या घंटा वाजत होत्या, साहेब आलेच होते. ती धावत आडावर गेली. वाळलेलं दुसरं सोवळं नव्हतं, म्हणून आंघोळ करून तेच लुगडं पिळून ओलेतीच परत आली. पायांखालच्या शहाबादी फरशीवर पाण्याची ओळ उमटत गेली. तिनं प्लग खोचला. थोड्या वेळानं पाणी कमी वाटलं म्हणून एका हातात तांब्या घेऊन तिनं दुसऱ्या हातानं किटलीचं झाकण धरलं.

ती ओरडली नाही. ओरडायलाही तिचा गळा तिच्या ताब्यात राहिला नव्हता. आतून एक घोगरा आवाज येत राहिला आणि हात झाकणाला चिकटलेला. आई माजघरातून धावली आणि उंबऱ्याशी थबकली, कारण ती सोवळ्यात नव्हती. जळत्या माणसापुढे सोवळं आठवणारी माझी आई! त्या थबकण्यानंच तिचा जीव वाचला, पण म्हणून मी ते विसरू शकलेले नाही. मी मात्र काय झालंय ते त्याच क्षणी ओळखलं. आत उडी मारून मी वायर ओढली, प्लग निघाला, वेणूकाकू फरशीवर कोसळली. तळहात काळा पडला होता. वासाचं मी लिहिणार नाही.

अण्णा आले. त्यांनी पाहिलं, आणि पहिलं काम काय केलं, तर माजघराचं दार ओढून घेतलं. "आवाज नको. साहेब बसलेत. चहाचं काय?" आईनं ओवळ्यानंच आत जाऊन, जमिनीवर पडलेल्या वेणूकाकूला ओलांडून, चुलीवर चहा केला. ज्या सोवळ्यासाठी नरसय्याला एक मिनिट आत येऊ दिलं नव्हतं, ते एका कपात विरघळून गेलं. मी ट्रे घेऊन गेले. साहेब घोट घेऊन म्हणाले, "वा वकीलसाहेब, विजेवरच्या चहाचं हेच. धुराचा वास म्हणून नाही." अण्णा म्हणाले, "आणि पूर्ण सोवळ्यातला बरं का."

डॉक्टर आले ते तिसऱ्या दिवशी. हात राहिला, पण बोटं आत वळली ती वळलीच. अण्णांनी नरसय्याला बोलावून ओसरीवर उभं केलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झाडलं. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "सायेब, ताईंना येकच गोष्ट विचारतो. ताई, त्या दिवशी दिवा लागला होता का?" त्या वेळी तो हातांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. दाराआड वेणूकाकू उभी होती, चिंध्यांनी बांधलेला हात छातीशी धरून. मी म्हटलं, "लागला होता. डाव्या तारेवर." तो अण्णांना नमस्कार करून गेला. अण्णांनी गिरणीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला चिठ्ठी लिहिली, आणि नरसय्याची नोकरी गेल्याचं पुढच्या आठवड्यात जेवताना आम्हाला सांगितलं. मी ताक मागून घेतलं.

महिन्याभरात अक्कलकोटकडची एक कानडी-मराठी बोलणारी बाई स्वयंपाकाला आली. तिच्या भाकरी जाड व्हायच्या. अण्णा वेणूकाकूला अगदी गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, खूप केलंत. आता विश्रांती घ्या. नातेपुत्याला तुमच्या पुतण्याला लिहिलंय." ज्या दिवशी निघायचं त्या सकाळी तिनं मला गाठोडं बांधायला बोलावलं, एका हातानं गाठ बसेना म्हणून. मी गाठ मारत असताना ती हळूच म्हणाली, "कुसा, दिवा लागला न्हवता. मी बगत होते."

मी विचारलं, मग नरसय्यासमोर का नाही बोललीस? "तुजी शाळा बंद केली असती त्यांनी. आनि नळाची तार अडवली ती मीच की. घंगाळ बी मीच दिलं. निम्मं पाप माजं हाय, न्हाय कुटं म्हनते? पन निम्मं तुजं हाय, बाळ. तू अण्णांना सांग. पोरीच्या चुकीनं हात गेला म्हटल्यावर मला घालवायची लाज वाटंल त्यांना. मी कोपऱ्यात पडून ऱ्हाईन. डाव्या हातानं शेंगा निवडीन. तो पुतन्या मला वळखत सुदिक न्हाय गं." बोलताना तिनं तो वळलेला पंजा माझ्या हातावर ठेवला. मी शाळेच्या कपड्यांत होते. त्या दिवशी तिनं आपण होऊन मला शिवून घेतलं.

मी म्हटलं, "सांगते." आणि सांगायच्याच निश्चयानं उठले, हे मी आज देवाशपथ लिहिते. माजघर ओलांडलं, झोपाळ्याला वळसा घातला. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते, शेजारी ती किटली, घासूनपुसून पुन्हा पुस्तकांजवळ मांडलेली. माझी चाहूल लागून त्यांनी पत्र खाली केलं आणि क्वचित हसायचे तसे हसले. "काय म्हणते आमची हुशार पोरगी?"

मागे वळून पाहिलं तर माजघराच्या दारात वेणूकाकू येऊन उभी राहिली होती, गाठोडं खाली ठेवून.

मी म्हटलं, "अण्णा, टांगा आलाय."